तिसरी हाक

आमची कंपनी गिरण्या बनवते. महाराष्ट्र मंडळात कुणी नवीन भेटलं की मी एवढंच सांगतो, आणि समोरचा मनातल्या मनात पिठाची गिरणी आणतो. तो फारसा चुकत नाही. आमच्या गिरणीत गव्हाऐवजी खाणीतला दगड दळतात, एवढाच फरक. पोलादाचं एक अवाढव्य पिंप असतं, ते आडवं फिरतं, आत लोखंडी गोळे आणि दगड एकमेकांवर आपटतात आणि दगडाचं पीठ होतं. या वर्षीच्या, १९८५ च्या मार्चमध्ये असं एक पिंप आम्हाला उत्तर अलास्कातल्या एका सोन्याच्या खाणीत पोचवायचं होतं. व्यास तेरा फूट, लांबी वीस, वजन सत्तर टन. वाटेत ते केसभरही वाकता कामा नये, म्हणून कंपनीचा एक माणूस सोबत धाडायचं ठरलं. तो माणूस मी. मिशिगनच्या ट्रॉय गावातलं उबदार घर सोडून शून्याखाली वीस डिग्रीत जायला दुसरं कोण तयार होणार? साहेबाला ‘नाही’ म्हणायची आपल्या लोकांना सवय नसते, हे आमच्या साहेबाला पक्कं ठाऊक होतं.

निघायच्या आदल्या दिवशी माझी बायको पद्मिनी आमच्या विनीताला हाकेला ओ द्यायला शिकवत होती. विनीता सात वर्षांची, जन्म इथलाच. हाक मारली की ती जिन्यावरूनच ‘व्हॉट?’ म्हणून ओरडायची, आणि पद्मिनीच्या कपाळाला आठी पडायची. मोठ्या माणसाने हाक मारली की आधी ओ द्यायची, मग बाकीचं बोलायचं, हा तिचा धडा. दिवसभर घरात तेच चाललं होतं. स्वयंपाकघरातून हाक, वरून ओ. तळघरातून हाक, परसातून ओ. मी बॅगेत लोकरीचे मोजे कोंबत हसत होतो. इंग्रजी बोलणारी आमची पोर तो एवढा एक मराठी शब्द मात्र झक्क म्हणायला लागली.

पिंप समुद्रमार्गे व्हॅल्डीझ बंदरात उतरलं आणि तिथून ट्रकने फेअरबँक्सला आलं. मी विमानाने जाऊन त्याला तिथे गाठलं. तिथून खाण अडीचशे मैल. आधी तेलाच्या पाइपलाइनवाल्यांचा खडीचा रस्ता, मग खाणीने स्वतः डोंगरातून काढलेली चाळीस मैलांची वाट. असला अगडबंब माल फक्त उजेडी न्यायचा असा कायदाच आहे. सूर्य कलला की गाडी कडेला. तासाला पंधरा मैल, म्हणजे तीन दिवस.

सगळी गाडी धरून लांबी एकशे वीस फूट. इतकी लांब गाडी वळणावर एकट्या पुढच्या ड्रायव्हरला वळवता येत नाही. म्हणून शेपटाकडच्या चाकांना वेगळं स्टिअरिंग असतं, आणि ते धरायला एक माणूस तिथेच, पत्र्याच्या खुराड्याएवढ्या केबिनमध्ये बसतो. पुढचा ड्रायव्हर लॉइड, अबोल, पन्नाशीचा. मागचा टॉइवो. टॉइवो आमच्याच मिशिगनचा, पण पार वरच्या टोकाचा, तांब्याच्या खाणींच्या मुलखातला. आजोबा-आजी फिनलंडहून आलेले. साठीला टेकलेला, लाल नाकाचा, आणि सतत काहीतरी खात असलेला. मला भेटल्या भेटल्या त्याने फडक्यातून एक वेणीसारखा विणलेला गोड पाव काढून तुकडा दिला. तोंडात घातला आणि मी चाट पडलो. वेलची! हजारो मैलांवर, बर्फात, एका फिनिश माणसाच्या हातच्या पावात चक्क आपली वेलची. त्या क्षणापासून तो मला आवडला.

आता यातली एकच गोष्ट नीट लक्षात ठेवा. पुढची केबिन आणि मागची केबिन यांच्या मधोमध ते पिंप. आरशात पिंपच दिसायचं, टॉइवो कधीच नाही. लॉइडच्या हाताशी एक रेडिओ होता, पण तो पुढे वाट मोकळी करत जाणाऱ्या पिकअपशी बोलण्यापुरता. टॉइवोशी बोलायला गाडीच्या अंगाने एक तार ओढलेली, तिच्या पुढच्या टोकाला हेडफोन, मागच्या टोकाला टॉइवोचा माइक, आणि दोन्हीकडे बोलायचं असेल तेव्हा दाबायचं बटण. हे हेडफोन ज्याने घालायचे तो मदतनीस घोटा मोडून फेअरबँक्सच्या हॉस्पिटलात पडला होता. मी ड्रायव्हरशेजारी रिकामाच बसणार, म्हणून ते काम माझ्या गळ्यात आलं. मागून टॉइवो सांगणार, मी लॉइडला सांगणार. धीमे कर, थांब, शेपूट घसरतंय.

“मागच्याचा जीव पुढच्याच्या कानात असतो,” हेडफोन माझ्या डोक्यावर चढवत लॉइड म्हणाला. तीन दिवसांत तो आपणहून बोललेलं हे सर्वांत मोठं वाक्य.

चारुदत्त हे नाव तिथे कुणाच्या जिभेला वळेना. मी चार्ली झालो.

पहिल्या दिवशी दहाच्या सुमाराला, बर्चच्या पांढऱ्या झाडीतून जाताना, कानात आवाज आला. “चार्ली.”

मी बटण दाबून म्हटलं, बोल टॉइवो. काही नाही. पुन्हा विचारलं, तर टॉइवो पाव चावत म्हणाला, मी कुठे हाक मारली?

म्हटलं, असेल. वीस मैलांनी पुन्हा. “चार्ली.” टॉइवोचाच घोगरा आवाज, शेवटी जरासा वर चढलेला, हात पुढे करून कुणी काही मागावं तसा. मी ओ दिली. टॉइवो म्हणाला, अरे बाबा, मी तोंडही उघडलेलं नाही. मग त्याने माझी टर उडवली, की उष्ण देशातल्या माणसाचे कान थंडीत आधी जातात.

मी इंजिनिअर आहे. जेवणाच्या थांब्याला मी मीटर लावून तार टोकापासून टोकापर्यंत तपासली. जोड पक्के, तार कुठे सोललेली नाही. बाहेरचा एखादा रेडिओ तारेत शिरत असेल, अशी मी स्वतःची समजूत घातली. फक्त, बाहेरच्या रेडिओला माझं नाव कसं ठाऊक, हा प्रश्न मी स्वतःला विचारला नाही. सोयीचं नव्हतं.

दुपारी तिसऱ्यांदा हाक आली तेव्हा मी गप्प बसलो. माझा अंगठा बटणावर होता आणि ते मी दाबलं नाही. का, ते सांगायला जरा लाज वाटते.

माझं लहानपण राजापूरजवळ खाडीकाठच्या गावात गेलं. तिथे प्रत्येक आई पोराला एक गोष्ट शिकवते. बाहेरून हाक आली की पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही. दुसरीलाही नाही. जे माणूस नाही, ते फार तर दोनदा हाक मारतं. तिसरी हाक माणसाचीच. आणि चुकून आधीच ओ दिली तर? हे मी आईला एकदा विचारलं होतं. तिने माझ्या तोंडावर हात ठेवला होता.

संध्याकाळी आम्ही रस्त्यावरच्या कामगारांच्या कॅम्पवर मुक्काम केला. वाडग्यावर वाडगा सूप ढोसत टॉइवोने विचारलं, दुपारी मी एकदा खरंच काहीतरी सांगत होतो, तू का बोलला नाहीस? मी त्याला खाडीकाठची ती गोष्ट सांगून टाकली, हसत हसतच. मला वाटलं तोही हसेल. तो हसला नाही.

“सोपं आहे मग,” तो म्हणाला. “मी हाक मारली तर तीनदा मारीन. तीनदा आली म्हणजे मी. कमी आली तर तू गप्प बस.”

एखाद्याने दुसरा उपाय काढला असता. खुणेचा शब्द ठरवायचा, घंटी बसवायची. मला यातलं काहीएक सुचलं नाही, इंजिनिअर असून. माझ्या आईचा नियम एका फिनिश म्हाताऱ्याने इतक्या सरळपणे मान्य केला, याचंच मला अप्रूप वाटत होतं. आम्ही हातावर हात मारला.

दुसऱ्या दिवशी ही पद्धत मस्त चालली. “चार्ली, चार्ली, चार्ली,” एका दमात. मी म्हणायचो, बोल. की तो आधी म्हणायचा, “दॅट्स थ्री,” आणि खुदकन हसून कामाचं बोलायचा. हा त्याचा खेळच झाला. युकॉन नदीच्या उतरत्या पुलावर त्याने शेपूट असं अलगद आणलं, की लॉइडनेही मान डोलावली.

पण टॉइवोची नसलेली ती हाक थांबली नव्हती. मधूनच यायची. “चार्ली.” मग साधारण दोन श्वासांचा थांबा. मग पुन्हा, “चार्ली.” आणि संपलं. मी खिशातल्या वहीत मैलाचे आकडे टिपून ठेवले. सकाळी दोनदा, दुपारपर्यंत आणखी तीनदा. एकदा लॉइडच्या कानाला हेडफोन लावला, तर नेमकं काही आलं नाही. लॉइडने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि नजर पुन्हा रस्त्यावर वळवली.

तीनच्या सुमाराला आम्ही खाणीच्या वाटेच्या तोंडाशी थांबलो. ऊन लख्ख होतं, बर्फ डोळ्यांत खुपत होता. पलीकडे मैलोन्‌मैल काळी खुरटी झाडं आणि वाऱ्याचा पत्ता नाही. मी पिंपाचे बोल्ट ठोकून पाहिले, सगळे जागच्या जागी. लॉइड पुढे पिकअपवाल्याशी बोलत उभा होता. टॉइवो मागून चालत माझ्यापाशी आला, थर्मासमधली कॉफी माझ्या कपात ओतायला लागला. हेडफोन लांब तारेसकट माझ्या गळ्यात होते.

“चार्ली,” हेडफोनमधून आवाज आला.

टॉइवोचा हात थांबला. कॉफी कपाबाहेर बर्फावर सांडली आणि वाफ आली.

दोन श्वास.

“चार्ली.”

तो त्याचाच आवाज होता. तो माझ्यासमोर उभा होता, तोंड मिटून. त्यानेही ऐकलं, हे त्याच्या चेहऱ्यावरून मला कळलं, आणि मला आधी सुटल्यासारखं वाटलं, की मी वेडा नाही. मग मी तारेच्या दिशेने मागे पाहिलं.

आम्ही दोघे पिंपाला वळसा घालून मागे गेलो. केबिनचं दार बंद होतं. टॉइवोने ते उघडलं. आत कुणी नव्हतं. सीटवर त्याची उशी, पावाचं फडकं, आणि माइक आपल्या आकड्याला टांगलेला. मी पिंपाच्या तोंडाची ताडपत्री वर करून आतही पाहिलं. रिकामं. माझा श्वास तेवढा आतून घुमून परत आला.

टॉइवोने उशी उचलून पाहिली, पुन्हा जागेवर ठेवली. मग म्हणाला, “माझी आजी सांगायची, काही माणसांचा आवाज त्यांच्या आधी घरी पोचतो. आजोबा रानातून यायच्या तासभर आधी दारात त्यांचे बूट वाजायचे. आजी उठून कॉफी ठेवायची.”

मी म्हटलं, मग चांगलंच की. त्यात घाबरण्यासारखं काय?

“आवाज पोचला आणि आजोबा आले नाहीत, असं एकदा झालं,” तो म्हणाला.

मी त्याला म्हणालो, लॉइडला सांगू या. आज इथेच थांबू, उद्या फेअरबँक्सहून दुसरा माणूस मागवू. टॉइवोने मान हलवली. लॉइडला काय सांगणार, की टॉइवो इथे असताना टॉइवोने हाक मारली? पुढच्या आठवड्यात बर्फ वितळायला लागला की हे पिंप पुढच्या हिवाळ्यापर्यंत इथेच कुजेल. आणि तीनदा म्हणजे मी, हे ठरलंय ना आपलं? मी हो म्हटलं. माझी पाचावर धारण बसली होती, पण मी हो म्हटलं. त्याचा जीव माझ्या कानात होता, आणि मी तिथेच हट्ट धरून बसायला हवं होतं. साहेबाला नाही म्हणायची सवय नसलेला माणूस कुणालाच नाही म्हणत नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळपासून कानात काही आलं नाही. टॉइवोच्या तीन हाका येत होत्या, “दॅट्स थ्री” येत होतं, काम चालू होतं. टॉइवोची नसलेली ती हाक एकदाही नाही. दुपारी एकच्या सुमाराला मला थोडं हलकं वाटायला लागलं. खाण अकरा मैलांवर राहिली होती.

मग शेवटचा उतार आला. डावीकडे डोंगर, उजवीकडे घळ, आणि वाटेवर पॉलिश केल्यासारखा बर्फ. लॉइडने गाडी इतकी हळू घेतली, की शेजारून चालत जाता आलं असतं. पिकअप खाली पोचून आमची वाट पाहत उभी होती. मी अंगठा बटणावर ठेवून बसलो होतो.

“चार्ली.”

शेवटी जरासा वर चढलेला. घाई नाही, ओरडणं नाही. जसा गेले दोन दिवस येत होता तसाच.

मी थांबलो.

दोन श्वास.

“चार्ली.”

तोच चढ. मधला तोच थांबा. मी तिसरीची वाट पाहिली. मी मनात म्हणत होतो, म्हण. तूच असशील तर म्हण. बटण माझ्या अंगठ्याखाली गार लागत होतं. लॉइड समोर पाहत होता, त्याला काहीच ऐकू आलेलं नव्हतं. मी त्याला ‘थांब’ एवढं म्हणू शकलो असतो. एक शब्द.

तिसरी आली नाही.

गाडीला मागून एक झटका बसला. फार मोठा नाही. कुणी मागून शर्ट ओढावा एवढा. लॉइडने शिवी हासडून ब्रेक दाबला आणि आम्ही तिरके होत थांबलो. मी दार उघडून बर्फावर पडत-उठत मागे धावलो.

पिंप जागेवर होतं. माझा एकही बोल्ट सुटला नव्हता. पिंपाच्या मागे कडीने जोडलेला चाकांचा गाडा मात्र कडेवरून घसरून, कडी तोडून, चाळीस फूट खाली घळीत उलटा पडला होता, केबिनसकट.

लॉइड माझ्या आधी खाली पोचला. मी पोचलो तेव्हा तो टॉइवोची टोपी त्याच्या चेहऱ्यावर ठेवत होता. टॉइवोच्या मुठीत माइक होता. अंगठा बटणावर, बटण आत दाबलेलं. लॉइडला ती मूठ सोडवता आली नाही.

बर्फावर पावाचे तुकडे पडले होते. वेलचीचा वास येत होता.

पुढे चौकशी झाली. सरकारी माणूस चांगला होता, त्याने मला कॉफी दिली आणि विचारलं, मागून काही सूचना आली होती का? मी म्हटलं, नाही. त्याने तसं लिहून घेतलं. हेडफोन फक्त माझ्याच कानावर होते, मला खोटं ठरवणारं कुणी उरलं नव्हतं. टॉइवोच्या मुलीचं पत्र आलं, की बाबांनी शेवटी काही म्हटलं का? ते पत्र अजून माझ्या टेबलाच्या खणात आहे, उत्तराविना.

घरी आल्यावर मी कानाला खडा लावला. तो नियम पुन्हा तोंडातून काढायचा नाही. त्या नियमाने एका भल्या माणसाचा बळी घेतला होता, आणि सुरी माझ्या हातात होती. पद्मिनीला अपघात झाला एवढंच सांगितलं. एप्रिलमध्ये आमच्याकडे चार मराठी कुटुंबं जेवायला आली होती. जेवणं झाल्यावर सुहासिनीकाकू मुलांना गोळा करून कोकणातल्या गोष्टी सांगत बसल्या. मी पानं आवरत होतो. कानावर आलं, की मुलांनो, बाहेरून हाक आली ना, तर पहिल्या हाकेला कध्धी—

मी त्यांच्यावर ओरडलो. माझ्या आईच्या वयाच्या बाईवर, पाहुण्यांसमोर. माझ्या घरात हे असलं काही मुलांच्या डोक्यात भरायचं नाही, असं म्हणालो. काकूंचे डोळे भरून आले. पद्मिनी दोन दिवस माझ्याशी धड बोलली नाही. आणि विनीताला ती गोष्ट कुणीच पुरी सांगितली नाही. मी तशी तजवीजच केली होती.

जूनमधला शनिवार होता. नव्वद डिग्री ऊन, परसात पाण्याचा फवारा लावलेला, विनीता त्याखाली नाचत होती. पद्मिनी दुकानात गेली होती. मी स्वयंपाकघरात उभा राहून कोशिंबिरीसाठी काकडी चोचवत होतो. विनीता ओल्या पायांनी आत आली, नळाखाली ग्लास धरला, आणि पाणी पिता पिता म्हणाली, “बाबा, हू कॉल्स यू चार्ली?”

सुरी माझ्या हातात तशीच राहिली. मी विचारलं, का गं?

कुंपणाच्या मागून कुणीतरी हाक मारली, ती म्हणाली. तिच्या इंग्रजीत, अगदी सहज. एक म्हातारा माणूस असावा, आवाजावरून. दिसला नाही. चार्ली म्हणाला.

“किती वेळा?” मी विचारलं.

“जस्ट वन्स.”

एकदाच. मी मनात मोजलं, मोजायला नको होतं तरी. दोन हाका मार्चमध्ये, बर्फावर. आणि ही.

“तू काय केलंस?”

तिने माझ्याकडे पाहिलं, बाबा असं काय विचारतो म्हणून. ग्लास ओट्यावर ठेवला. “तू आतमध्ये होतास, सो आय सेड ओ. आईने सांगितलंय ना, मोठ्यांनी हाक मारली की ओ द्यायची.”

मी खाली बसलो आणि तिचे दोन्ही दंड धरले. मग? मग तो काय म्हणाला?

“ही लाफ्ड,” विनीता म्हणाली. “अँड ही सेड, दॅट्स थ्री.”

मी परसात धावत गेलो. कुंपणामागे शेजाऱ्यांचं गवत होतं, कापलेलं, सपाट, लपायला जागा नसलेलं. फवारा गोल फिरत होता. मी तिथे उभा राहून, भर दुपारी, मोठ्याने ओ दिली. एकदा, दोनदा, कितीतरी वेळा. टॉइवो, ओ. मी आहे इथे. तिने नाही, ओ मी दिलीय. पलीकडच्या घराची खिडकी उघडून कुणीतरी पाहिलं आणि पुन्हा लावून घेतली.

मी फवारा बंद करून आत आलो.

याला आता चार महिने होतील. विनीता छान आहे. शाळेत जाते, दूध पिताना कटकट करते. डॉक्टर म्हणतात, कान उत्तम आहेत. मी तिला एकटी परसात जाऊ देत नाही, आणि पद्मिनीला त्याचं कारण सांगत नाही. काल सकाळी आम्ही तिघे टेबलाशी पोहे खात होतो. बोलणं चाललं नव्हतं, रेडिओ बंद होता. पद्मिनीचं लक्ष ताटात, माझंही.

विनीताने चमचा खाली ठेवला, मागच्या दाराकडे मान वळवली आणि म्हणाली, “ओ.”